ऑर्किड, मिठागर आणि आमचं ‘स्पिरिट’

परवा बाल्कनीतलं ऑर्किड मेलं. मेलं कसलं, मीच मारलं. चांगली काळी माती, शेणखत, दोन वेळा पाणी... लाडात काही कमी नव्हतं! शेजारच्या काकू कुंडीत डोकावून म्हणाल्या, "अरे, मुळं कुजवलीस की! त्याला माती नाही, वारा लागतो."

तेव्हा ट्यूब पेटली. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी झाडाच्या फांदीवरच तर फुलते. तिच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते पावसाचं पाणी शोषतं आणि वाऱ्यावर सुकतं. असली मुळं मी चिखलात पुरली होती.

आता जरा लोणारला जाऊ. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले होते, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. मिठागरांतही त्यांचेच भाऊबंद असतात. आपण म्हणतो, केवढे सोशिक! पण ते सोसत नसतातच. त्यांची प्रथिनं भरपूर मिठातच नीट चालतात. गोड्या पाण्यात टाकलं तर यातल्या बऱ्याच जणांच्या पेशी फुटतात. आपल्याला नरक वाटतो, ते त्यांचं घर.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमचं ‘स्पिरिट’. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. बाबा कमरेभर पाण्यातून चालत घरी आले, तेव्हा टीव्हीवर मुंबईकरांच्या स्पिरिटचं कौतुक चालू होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. पाय धुतले आणि झोपले.

हॅलोआर्कियाला मीठ मानवतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच घडलेत. माणसाला गटाराचं पाणी मानवत नाही. दुसरा इलाज नसतो म्हणून तो चालतो, इतकंच. त्याला शाबासकी देऊन त्याचे पाय कोरडे होत नाहीत. उलट नाले तुंबू देणाऱ्यांची आणि पाणी मुरायच्या खोलगट जागांवर भराव टाकणाऱ्यांची सोय होते. म्हणून मला वाटतं, हा शब्द आता पुरे. रोप कुजत असेल तर त्याच्या चिवटपणाचे गोडवे गाऊ नयेत, कुंडी बदलावी.

असो. नवं ऑर्किड आणलंय. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं. पाणी मुळं सुकल्यावरच. या वेळी काकूंना आधी विचारलं.