घर आणि यंत्र : थबकणारें टपाल

सांगलीकडील एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या घरीं दिवाणखान्यांत एक डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यावर थंडरबर्ड नांवाच्या प्रोग्रामांत सबंध कुटुंबाचें ई-टपाल येतें. खातें सासऱ्यांनीं उघडलेलें. दोघे दीर अमेरिकेंत स्थायिक झाले. तेथून आलेलीं त्यांचीं पंधरा-सोळा वर्षांचीं पत्रें, नातवंडांचे फोटो, विम्याच्या पावत्या, वडिलोपार्जित घराच्या दाव्यांतील वकिलांचे कागद, सर्व कांहीं त्या एका खात्यांत सांठलेलें आहे. सासरे आतां हयात नाहींत. हल्लीं तो प्रोग्राम उघडावयास पांच-पांच मिनिटें घेतो, आणि एखादें पत्र वाचावयास जावें तों पडदा पांढरा पडून माथ्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ अशीं अक्षरें उमटतात. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं ‘सर्व पुसून नवें टाकूं’ असा सल्ला दिला. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें, नवा संगणकच घ्यावा. या दोहोंपैकीं काय करावें, असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, तूर्त दोन्ही करूं नये. पुसण्याचें काम तर एका गोष्टीचा उलगडा झाल्यावांचून मुळींच होऊं देऊं नये. ती गोष्ट म्हणजे, हीं पत्रें वस्तुतः राहतात कोठें?

ई-टपाल घरीं आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीस पॉप म्हणतात. ती १९८४ सालीं ठरली. टपालकचेरींत जावें, आपलीं पत्रें पिशवींत घालावीं आणि घरीं आणावीं, तसा हिचा व्यवहार. मूळ प्रत सर्व्हरवर ठेवावी अशी खूण केलेली असली तरी ती बहुधा थोड्या दिवसांपुरतीच राहते. पुढें तें पत्र जगांत एकाच ठिकाणीं उरतें, तें म्हणजे आपल्या घरच्या संगणकांत. दुसरी रीत आयमॅपची. मार्क क्रिस्पिन यांनीं ती १९८६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सिद्ध केली. हींत पत्रें सर्व्हरवरच राहतात व घरीं असते ती नक्कल. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें, त्या काळीं जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि मिनिटामिनिटाचा हिशोब असे. झटकन् पत्रें उतरवून घ्यावीं, तार मोकळी करावी आणि मग सावकाश वाचीत बसावें, यास पॉपच सोयीची. म्हणून वडीलधाऱ्यांनीं उघडलेलीं जुनीं खातीं पुष्कळ ठिकाणीं अजून पॉपवरच चालूं आहेत, आणि घरांत कोणास त्याची वार्ताही नसते.

हें पाहणें कठीण नाहीं. थंडरबर्डमध्यें ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडून त्यांतील ‘सर्व्हर सेटिंग्ज’ या सदरांत गेलें कीं ‘सर्व्हर टाइप’ या शब्दांपुढें पॉप किंवा आयमॅप असें लिहिलेलें दिसतें. एवढी एक ओळ वाचण्याचे श्रम कोणी न घेतल्यामुळें आमच्या परिचयाच्या एका घरीं काय झालें, तें सांगण्याजोगें आहे. यंत्र मंद झालें म्हणून एका दुकानदारानें डिस्क फॉर्मॅट करून दिली. यंत्र वाऱ्यासारखें चालूं लागलें. रात्रीं आजोबांनीं टपाल उघडलें, तर आंत त्या दिवसाचीं तीन पत्रें. मागचीं अकरा वर्षें कोरीं. त्यांत त्यांच्या परदेशीं वारलेल्या कन्येचीं पत्रें होतीं. दुकानदाराचें म्हणणें, ‘टपाल तर सर्व्हरवर असतें.’ आयमॅपच्या खात्यापुरतें तें खरें होतें. हें खातें पॉपचें होतें.

तेव्हां खातें कोणत्याही रीतीचें असो, हात लावण्यापूर्वीं नक्कल काढावी. ‘हेल्प’ या मेनूंत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ म्हणून एक कलम आहे. तेथें ‘प्रोफाइल फोल्डर’ असें लिहून शेजारीं फोल्डर उघडण्याचें बटण दिलेलें असतें. तो फोल्डर उघडावा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करावा, आणि सबंध फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा. पत्रें, पत्ते व खात्यांची मांडणी यांतच असते. सांठविलेले पासवर्डही यांतच असतात, म्हणून ती डिस्क कपाटांत ठेवावी; शेजारच्या मुलानें सिनेमा भरून आणावयास मागितली तरी देऊं नये.

आतां मूळ दुखण्याकडे वळूं. थंडरबर्ड आपल्या एका फोल्डरांतील सर्व पत्रें सामान्यतः एकाच लांबलचक फाइलींत एकापुढें एक लिहून ठेवतो. आपणांस इनबॉक्समध्यें दहा हजार पत्रें दिसोत, डिस्कवर ती एकच वही. त्यांतील एक पत्र आपण डिलीट करतों तेव्हां काय होतें? पत्राची एक प्रत ट्रॅशच्या वहींत नेऊन उतरविली जाते आणि मूळ वहींत त्या पत्रावर केवळ काट मारली जाते. जमाखर्चाच्या वहींत नोंदीवर काट मारली म्हणून वहीचीं पानें कमी होत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. किंबहुना, सफाई करावयास बसलेल्या माणसानें पांचशें पत्रें काढून टाकलीं, तर त्या घटकेस डिस्कवरील भार कमी होण्याऐवजीं वाढलेला असतो! ‘आम्ही एवढें पुसलें तरी कांहीं फरक नाहीं’ या तक्रारीचें मूळ येथें आहे.

काट मारलेल्या नोंदी गाळून वही नव्यानें उतरवून काढणें, यास ‘कॉम्पॅक्ट’ करणें असें म्हणतात. आधीं ट्रॅश रिकामा करावा व मग ‘फाइल’ मेनूंतील ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ दाबावें. पुष्कळ जागा वांचण्यासारखी असली म्हणजे प्रोग्राम आपण होऊनही याविषयीं विचारतो. पण टपाल पाहण्याची घाई असलेला माणूस ‘नको’ म्हणून पुढें जातो, आणि असें वर्षानुवर्षें चालतें. दोन गोष्टी मात्र आधीं पाहाव्या. नवी वही पुरी होईपर्यंत जुनीही जागेवर असते, म्हणून डिस्कवर निदान सर्वांत मोठ्या फोल्डराएवढी जागा मोकळी हवी. आणि काम चाललें असतां मुख्य बटण बंद करूं नये. ‘नॉट रिस्पाँडिंग’ हीं अक्षरें पाहून लोक घाबरतात व वीज तोडतात. परंतु प्रोग्रामानें पांच सेकंदांत उत्तर दिलें नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ. विंडोज तीं अक्षरें आपल्या बाजूनें लिहितें. प्रोग्राम आंत निमूटपणें वही उतरवीत असूं शकतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावा. थंडरबर्डच्या ओळींत डिस्कचा आंकडा हालत असला तर काम चालूं आहे, असें समजून चहा घ्यावा. आमच्या मते हें काम रात्रीं जेवणें आटोपल्यावर लावून द्यावें व घरांतील मुलांस तशी ताकीद द्यावी.

वही इतकी फुगते कशानें? पत्रांतील मजकुरानें नव्हे. अटॅचमेंट पाठवितांना तिचें रूपांतर साध्या अक्षरांत करावें लागतें व त्यांत तीन भागांचे चार भाग होतात; म्हणजे नऊ मेगाबाइटांचे फोटो पत्रांतून आले कीं ते बारा मेगाबाइट जागा घेतात. मुंजीचे दोनशें फोटो एकाच्या पत्रांतून आले, दुसऱ्यानें ते उत्तरासकट परत पाठविले, तिसऱ्यानें पुन्हां सर्वांस धाडले! असे फोटो वेगळ्या फोल्डरांत उतरवून घेऊन, ते नीट उघडतात याची खात्री झाल्यावर, पत्रांतील अटॅचमेंट तेवढी काढून टाकतां येते. पत्र शाबूत राहतें. जुनीं पत्रें इनबॉक्समध्येंच पडूं देणें हेंही बरें नव्हे. इनबॉक्स म्हणजे घराची ओसरी. ती कोठी नव्हे. वर्षावर्षांचे किंवा माणसामाणसांचे फोल्डर करून पत्रें तेथें हलवावीं. सासऱ्यांच्या हयातींतील पत्रांचा फोल्डर एकदां वेगळा झाला कीं त्यास रोज कोणी हात लावीत नाहीं, आणि तीं पत्रें सुरक्षितही राहतात.

इतकें करूनही एखादाच फोल्डर उघडतांना प्रोग्राम अडत असेल, तर दोष त्या फोल्डराच्या अनुक्रमणिकेंत असण्याचा संभव फार. प्रत्येक वहीजोडीं थंडरबर्ड एक लहान सूची ठेवतो; वीज अकस्मात् गेली म्हणजे ती बिघडते. फोल्डरावर उजवें बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावें व ‘रिपेअर फोल्डर’ म्हणावें. सूची नव्यानें तयार होते, पत्रांस धक्का लागत नाहीं.

अँटिव्हायरसविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण येथें केवळ वेळ जात नाहीं, पत्रेंही जाऊं शकतात. सर्व पत्रें एका फाइलींत असल्यामुळें एक नवें पत्र आलें तरी सबंध फाइल बदलली असें ठरतें, आणि पहारेकरी ती पहिल्यापासून पुन्हां तपासावयास घेतो. तीन गिगाबाइटांची वही दिवसांतून चाळीस वेळां चाळली जाऊं लागली, तर यंत्र थबकेल नाहीं तर काय? परंतु याहून वाईट असें कीं, त्या वहींतील एका फसव्या पत्रांत कांहीं विषारी आढळलें तर पहारेकरी कधीं कधीं सबंध वहीच उचलून कोठडींत टाकतो, आणि सकाळीं इनबॉक्स रिकामा दिसतो. यावर उपाय असा: थंडरबर्डच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सेटिंगांत येणारें प्रत्येक पत्र अँटिव्हायरसास सुटें तपासूं देण्याची एक खूण आहे, ती करावी, आणि अँटिव्हायरसच्या सेटिंगांत प्रोफाइल फोल्डर सततच्या तपासणींतून वगळावा. अटॅचमेंट उघडतांना किंवा उतरवितांना ती तपासली जातेच. इनबॉक्स असा रिकामा झालाच, तर प्रथम अँटिव्हायरसच्या ‘क्वारंटाइन’ या यादींत पाहावें. तेथून फाइल परत मिळण्यासारखी असते.

अ‍ॅड-ऑनचा संशय असल्यास शिफ्टचें बटण दाबून धरून थंडरबर्ड उघडावा. ‘ट्रबलशूट मोड’ पुढें येतो. त्यांत इतर कोणत्याही चौकटींत खूण न करतां नुसतें पुढें जावें. या स्थितींत काम सुरळीत चाललें, तर अ‍ॅड-ऑन एकेक बंद करून दोषी कोण तें काढावें. नवा संगणक घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस प्रोग्राम सुस्त वाटतो, तो शोधासाठीं सर्व पत्रें वाचून सूची करीत असतो म्हणून. त्यास रात्रभर चालूं द्यावें.

नव्या संगणकाविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों. टास्क मॅनेजरमध्यें थंडरबर्ड बंद असतांही डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसत असेल, आणि आंत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसविल्यानें पडणारा फरक विलक्षण असतो, आणि सबंध यंत्राच्या मानानें खर्च थोडा. जुनी डिस्क टकटक असा आवाज करूं लागली असेल, तर मात्र वरील सर्व उपाय बाजूस ठेवून त्याच दिवशीं नक्कल काढावी.

आउटलुक वापरणाऱ्या वाचकांचींही पत्रें आलीं आहेत. जुन्या धर्तीच्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्यें पॉपचें टपाल पीएसटी नांवाच्या एकाच फाइलींत राहतें. येथें तर सर्व फोल्डर मिळून एक वही. २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्यें या फाइलीस दोन गिगाबाइटांची मर्यादा होती, आणि ती गांठली कीं फाइल बिघडे. २००३ च्या आवृत्तीपासून नवी धाटणी आली व मर्यादा वीस झाली, २०१० पासून पन्नास. पण मर्यादा पन्नास आहे म्हणून पन्नास भरूं द्यावी असें नव्हे. येथेंही पुसलेल्या पत्रांची जागा ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ या सदरांत जाऊन ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ म्हटल्यानें सुटते. अ‍ॅड-इनची परीक्षा करण्यास कंट्रोलचें बटण दाबून आउटलुक उघडावें, म्हणजे ‘सेफ मोड’विषयीं विचारणा होते. फाइल बिघडली असल्यास ‘स्कॅनपीएसटी’ हें दुरुस्तीचें साधन आउटलुकबरोबरच येतें. दुरुस्तीपूर्वीं नक्कल काढण्याची खूण त्यांत असते, ती पुसूं नये.

आउटलुकच्या बाबतींत आणखी एक शोध घ्यावा. ही पीएसटी फाइल पुष्कळदां ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरांत असते, आणि वनड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स’ची आपोआप नक्कल होत असेल तर प्रत्येक लहान बदलानंतर तो ती अवाढव्य फाइल चढविण्याच्या खटपटींत पडतो, मग दोघेही एकमेकांस अडवितात. आउटलुक बंद करून ती फाइल वनड्राइव्हच्या बाहेरील फोल्डरांत हलवावी. पुढच्या वेळीं आउटलुक ‘फाइल सांपडत नाहीं’ म्हणेल. तेव्हां तिची नवी जागा त्यास दाखवावी. नंतर बाहेरच्या डिस्कवर तिची नक्कल काढण्याचें काम मात्र घरच्या कोणा एकाकडे नेमून दिलेलें असावें, कारण वनड्राइव्ह तें आतां करणार नाहीं.