जुगारघराचे वैभव आणि कामगारांची थकबाकी

अमेरिकेतील लास वेगास येथे 1970 पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ या पत्त्यांच्या स्पर्धेचा इतिहास सांगताना भांडवलशाहीचे भाट एका नावापाशी हमखास थांबतात. टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने 2003 साली शंभराहून कमी डॉलर भरून संगणकावरील पात्रता-डाव जिंकला आणि त्या बळावर मुख्य स्पर्धेत उतरून 25 लाख डॉलर मिळविले. (आडनावाचा अर्थ ‘पैसा करणारा’; प्रचारकांना याहून सोयीचे नाव सुचले नसते.) सामान्य माणसाला दार उघडे आहे, हा या कथेचा मथितार्थ.

त्या दारातून रिकाम्या हाताने किती परतले, हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. त्या वर्षी 839 जण मुख्य स्पर्धेत बसले. प्रवेशशुल्क 10 हजार डॉलर. बक्षीस मिळाले 63 जणांना. जमलेल्या 83 लाख 90 हजार डॉलरांतून सात टक्के रक्कम आयोजक व कर्मचारी यांच्यासाठी आधीच बाजूला काढली गेली. बक्षिसाचा प्रत्येक डॉलर खेळणाऱ्यांच्याच खिशातला होता. 2006 मध्ये 8,773 जण बसले, विजेत्याने एक कोटी वीस लाख डॉलर नेले आणि 7,900 जण हात हलवीत परतले.

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असा बचाव यावर केला जातो. भारतातील न्यायालयांतही तो वर्षानुवर्षे ऐकविला गेला. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला. कौशल्य असेलही. त्याने धान्याचा एक दाणा पिकत नाही की कापडाचा एक वार विणला जात नाही.

आता त्या जुगारघराकडे वळावे. स्पर्धा सुरू केली बेनी बिनियन याने, आपल्या ‘हॉर्सशू’मध्ये. डॅलसमध्ये बेकायदा जुगाराचे अड्डे चालविलेला आणि करबुडवेगिरीबद्दल तुरुंगवास भोगलेला हा गृहस्थ 1989 मध्ये वारला. मालकी घराण्यातच राहिली. मनीमेकरच्या विजयाला आठ महिने होतात न होतात तोच, जानेवारी 2004 मध्ये, केंद्र सरकारचे मार्शल हॉर्सशूच्या दारात उभे राहिले. हॉटेल व उपाहारगृह कामगारांच्या युनियनच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीत मालकाने भरावयाची रक्कम थकविली होती. गल्ल्यातील रोकड जप्त झाली आणि जुगारघर बंद पडले. जेथे हिशेबनिसाचा लक्षाधीश झाला, तेथेच ताटे उचलणाऱ्यांच्या आणि खोल्या झाडणाऱ्यांच्या औषधपाण्याचा पैसा मालकाच्या हाताखाली अडकून पडला होता! मनीमेकरवर पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्यांना याला दोन ओळीही देववत नाहीत.

पुढचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. हॅराज या बड्या कंपनीने हॉर्सशू विकत घेतले, ते नाव आणि स्पर्धेचे हक्क स्वतःकडे ठेवले, आणि जुनी वास्तू दुसऱ्या कंपनीच्या हवाली केली. 2024 साली या स्पर्धेच्या नावाचा सौदा 50 कोटी डॉलरांना ठरला. घेणारी कंपनी ऑनलाइन पोकरच्याच धंद्यातली. टेबलांवर पत्ते वाटणारे मात्र दर उन्हाळ्यात हंगामी म्हणून भरती केले जातात, आणि स्पर्धा उठली की घरी पाठविले जातात.