विश्लेषण : लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवायची, तर कॉम्बो रेकॉर्डर कसा निवडावा?

वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या जतनाची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. मात्र त्याच गावातील घरांत, कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या पेटीत पडलेल्या व्हिडिओ कॅसेटची जबाबदारी कोणाकडेच नाही. घृष्णेश्वराच्या दारातली वरात, शिवालय तीर्थावरचे विधी, आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाज आणि मंडपामागे दिसणारे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे गाव हे सारे या कॅसेटमध्येच आहे. कॅसेट आणि डिस्क एकाच यंत्रात चालवणारा ‘कॉम्बो रेकॉर्डर’ हा ते वाचवण्याचा सोपा मार्ग मानला जातो. तो खरोखर सोपा आहे का?

घाई कशासाठी?

व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची फीत असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. हे द्रव्य दमट हवेत ओलावा शोषते आणि उष्णतेने कमजोर होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा येते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटने असे पंचवीस-तीस हंगाम सोसलेले असतात.

दुसरी अडचण यंत्रांची आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी असलेल्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. आपल्या जवळचेच उदाहरण पाहायचे तर चितेगावला टीव्ही बनवणारी व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणजे फीत टिकली तरी ती वाजवणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर टिकेलच असे नाही. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये याच कारणासाठी ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ हा प्रकल्प हाती घेतला. फितींवरचा ठेवा २०२५ च्या आसपासपर्यंत उतरवून घ्यावा, नंतर ते फार अवघड होईल, असा तज्ज्ञांचा इशारा होता. ती मुदत आता उलटली आहे.

‘कॉम्बो’ म्हणजे नेमके काय?

इथेच सर्वाधिक फसगत होते. बाहेरून सारखीच दिसणारी दोन प्रकारची यंत्रे जुन्या बाजारात मिळतात. एकात व्हीसीआर आणि डीव्हीडी ‘प्लेअर’ असतो. तो दोन्ही वाजवतो, पण डिस्कवर काहीही उतरवत नाही. दुसऱ्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी ‘रेकॉर्डर’ असतो. आपल्याला हवा तो हाच. यंत्रावर ‘डबिंग’चे बटण आहे का आणि कोरी डिस्क टाकल्यावर ते ती स्वीकारते का, हे दुकानातच पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर पैसे मोजू नयेत.

निवडताना काय तपासावे?

* पाल की एनटीएससी : भारतातील कॅसेट ‘पाल’ पद्धतीच्या, ६२५ रेषांच्या आहेत. अमेरिकेतील यंत्रे ५२५ रेषांच्या ‘एनटीएससी’ पद्धतीची आणि १२० व्होल्टवर चालणारी असतात. नातेवाइकाने तिकडून प्रेमाने आणलेला कॉम्बो इथल्या कॅसेटसाठी बहुधा निरुपयोगी ठरतो.
* फीत ओढणारा भाग : रबरी रोलर आणि पट्टे वर्षानुवर्षे पडून कडक होतात. अशा यंत्रात फीत गुंतून चुरगळते. म्हणून आधी टाकाऊ कॅसेट अर्धा तास चालवावी, पुढे-मागे करून पाहावी. लग्नाची कॅसेट चाचणीसाठी वापरणे हा जुगार आहे.
* डिस्कचा लेझर : एक कोरी डिस्क भरून, ती ‘फायनलाइज’ करून दुसऱ्या प्लेअरवर चालते का ते पाहावे. फायनलाइज न केलेली डिस्क इतर प्लेअरवर सहसा चालत नाही.
* बाहेरून जोडणी : हॅण्डीकॅमच्या छोट्या कॅसेट या यंत्रात बसत नाहीत. त्यांच्यासाठी मूळ कॅमेरा वायरने जोडावा लागतो. त्यासाठी ‘एव्ही इन’ची सोय हवी.

किती वेळ, किती डिस्क?

कॅसेटची नक्कल तिच्याच वेगाने होते, इथे घाई चालत नाही. ‘ई-१८०’ कॅसेट तीन तासांची असते. अशा २० कॅसेट म्हणजे ६० तासांचे काम. साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी. एका तासाच्या मोडमध्ये चित्र सर्वांत चांगले येते आणि दोन तासांच्या मोडमध्येही ते घरगुती कॅसेटला पुरेसे असते. चार किंवा सहा तासांच्या मोडमध्ये नाचणाऱ्या वऱ्हाडाचे चौकोनी ठिपके होतात. त्यामुळे तीन तासांच्या लग्नाला दोन डिस्क धराव्यात. इतका खटाटोप करून वीस-तीस रुपये वाचवण्यासाठी चित्र बिघडवण्यात शहाणपणा नाही.

काम सुरू करण्यापूर्वी?

कॉम्बो यंत्र कॅसेटवरही रेकॉर्डिंग करू शकते. चुकीचे बटण दाबले, तर आजीच्या आवाजावर निळा पडदा उमटेल. म्हणून कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी मोडून टाकावी. मग तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी असते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. धडधाकट कॅसेटही एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच लावावी. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या कॅसेटमध्ये अनेकदा नक्कलविरोधी संकेत असतो, त्या उतरत नाहीत. घरच्या चित्रीकरणाला ही अडचण नसते.

मग कॉम्बो घ्यावा का?

घरात संगणक सहज हाताळणारे कोणी असेल, तर चांगला व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चर उपकरण हा जोड अधिक उपयोगी. त्यात थेट फाइल तयार होते. संगणकाशी सख्य नसेल आणि कॅसेट भरपूर असतील, तर कॉम्बो सोयीचा. मात्र डिस्क हा शेवटचा मुक्काम समजू नये. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह जवळपास दिसत नाही. घरी जाळलेल्या डिस्कही ऊन आणि ओरखड्यांनी खराब होतात. ज्या चुकीने कॅसेट अडकल्या, तीच चूक डिस्कबाबत पुन्हा होईल. त्यामुळे डिस्क तयार होताच तिची फाइल हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी. वीस कॅसेटचा सगळा ऐवज १५० जीबीच्या आत मावतो. मूळ कॅसेटही फेकू नये.

आणखी एक मुद्दा खर्चाचा. चार-पाच कॅसेटसाठी प्रत्येक घराने जुने यंत्र शोधत फिरणे परवडणारे नाही. वेरूळसारख्या गावात ग्रामपंचायत, शाळा किंवा वाचनालयाने एक तपासलेले यंत्र घ्यावे, ते चालवायला दोन तरुण तयार करावेत आणि ज्या कुटुंबांची संमती असेल त्यांच्या चित्रीकरणाची एक प्रत गावासाठी जपावी. वेरूळ महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर होत असे, पुढे तो संभाजीनगरच्या सोनेरी महालात गेला. ती जुनी रात्र कोणाच्या घरगुती कॅसेटमध्ये असेलही. पण ती कॅसेट लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि लावून पाहण्याची संधी दर पावसाळ्यागणिक कमी होत आहे.