पडदा येथे, खातेवही तेथे

गेल्या पंधरवड्यात काही कामानिमित्त आम्ही एका पतसंस्थेच्या गावातील शाखेत बसलो होतो. आमच्या पुढे एक वृद्ध शेतकरी उभे होते. नातीची कॉलेजची फी भरावयाची म्हणून त्यांनी नऊ हजारांची स्लिप दिली. लेखनिक मुलीने रक्कम लिहिली आणि तेवढ्यात पडदा गोठला.

"लाईन गेली, मामा," ती म्हणाली.

"लाईन गेली ती गेली, बाळ, पण माझे पैसे गेले की काय?"

रांगेतील दोघे-तिघे हसले. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. आपली पुंजी जेथे ठेवली ती वही कोठे आहे, हे विचारण्याचा हक्क मामांना आहेच.

शाखेच्या टेबलावर जो संगणक दिसतो त्यात मामांची खातेवही नसतेच. ती असते मुख्य कचेरीतील सर्व्हर नावाच्या संगणकात. येथे दाबलेली कळ तारेने तेथे पोहोचते, हिशेब तेथेच होतो, आणि तेथील पडद्याचे चित्र तेवढे इकडे परत येते. या व्यवस्थेस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. त्यानंतर ही रीत कित्येक कचेऱ्यांत रुळली.

आता कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रोग्राम शाखेत ठेवावा आणि वही तेवढी मुख्य कचेरीत, म्हणजे झाले. परंतु तसे केल्यास एक खाते पाहण्यासाठी वहीचा मोठा भाग त्या बारीक तारेतून ओढून आणण्याची पाळी येऊ शकते, आणि लिहिता लिहिता तार तुटली तर वहीच बिघडण्याचे भय असते. रिमोट डेस्कटॉपमध्ये तार तुटली तरी सर्व्हरवरील काम जेथल्या तेथे थांबून राहते. ठरावीक मुदतीत पुन्हा जोडणी झाली, की तोच पडदा, तेच अर्धे लिहिलेले पान समोर येते.

त्या दिवशी नेमके हेच झाले. मुलगी दुसऱ्या संगणकावरून तीच नोंद पुन्हा करावयास निघाली होती. तितक्यात मुख्य कचेरीतील तंत्रज्ञाचा फोन आला. "ताई, दुसऱ्यांदा नोंद करू नका. आधी जुना पडदा परत येऊ द्या." वीस मिनिटांनी लाईन आली. तंत्रज्ञाने तिची परवानगी मागून तिचाच पडदा आपल्या जागेवरून पाहिला. रक्कम लिहिलेली होती, पण नोंद पक्की झालेली नव्हती. घाईने दुसरी नोंद केली असती आणि पहिलीही पुढे पक्की झाली असती, तर मामांच्या खात्यातून अठरा हजार वजा झाले असते. पूर्वी अशा अडचणीसाठी माणूस बसने यावयाचा आणि त्यात दिवस मोडावयाचा.

या व्यवस्थेचे गुणगान करणारे तिची दुसरी बाजू सहसा सांगत नाहीत. सर्व्हर बंद पडला की एक शाखा नव्हे, सर्वच शाखा हात बांधून बसतात. जोडणी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत असेल तर टाईप केलेले अक्षर उमटावयास अर्धा सेकंद लागतो आणि लेखनिकाचा जीव मेटाकुटीस येतो. छपाईयंत्राचे रडगाणे तर निराळेच. हुकूम दूरच्या सर्व्हरवरून सुटतो, पण पासबुक छापावयाचे असते येथे! याहून मोठी गोष्ट चोरीची. जे दार तंत्रज्ञास उघडते ते इंटरनेटवर उघडे टाकले तर चोरासही उघडते. मे २०१९ मध्ये या सोयीतील एक दोष इतका गंभीर निघाला, की मायक्रोसॉफ्टने केव्हाच मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. म्हणून शहाण्या संस्था हे दार व्हीपीएन नावाच्या खाजगी वाटेआड ठेवतात आणि पासवर्डाच्या जोडीस दुसरी खूण मागतात. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटांपूर्वी एवढे विचारावयास हरकत नाही.

घरच्या मंडळींनीही एक ध्यानात ठेवावे. दुरून पडदा पाहण्याची हीच विद्या आता मोबाईलमध्ये आली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ॲनीडेस्क या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. ठक फोन करून ते ॲप घ्यावयास लावतो, त्यातील आकडा विचारतो, आणि तो सांगताच व पुढची परवानगी देताच आपला मोबाईल त्याच्या हाती जातो. शाखेतील मुलीस फोन करणारा तंत्रज्ञ तिच्या ओळखीचा होता. आपणांस फोन करणारा "बँकेचा साहेब" कोण, हे कोणास ठाऊक? फोन ठेवावा आणि शाखेत जाऊन विचारावे.

मामांना त्यांचे नऊ हजार मिळाले. ते त्यांनी दोनदा मोजले, आणि पासबुकावर शिल्लक छापून घेतल्याशिवाय ते काउंटरपासून हलले नाहीत. छपाईयंत्राने तिसऱ्या खेपेस ती छापली.