वायरलेस म्हणे!

मंडळी, गेल्या दिवाळीत आमचे धाकटे चिरंजीव पुण्याहून भोरच्या घरी एक भलंमोठं खोकं घेऊन आले. होम थिएटर! पुढं तीन स्पीकर, मागं दोन वायरलेस आणि एक सबवूफर. याला ५.१ म्हणतात. त्यातला .१ म्हणजे सबवूफर, आणि माझं सगळं भांडण या दशांशाशी आहे.

आधी 'वायरलेस'चा समाचार घेतो. आवाजाची वायर गेली, विजेची कुठे गेली? मागच्या प्रत्येक स्पीकरला प्लग लागतोच. आमच्या माजघरात प्लग एक. म्हणजे उंबऱ्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्यात अडखळायला आम्ही दोन म्हातारी माणसं. वेल्ह्याला भाच्याकडेही असाच संच आहे. तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की चारी बाजूंनी आवाज फुकटच मिळतो!

हे एकवेळ सोडा. खरा प्रश्न भिंतीपलीकडचा आहे. चिरंजीवांनी सबवूफर कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात खर्ज आणखी फुगतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, रात्री गिरणी चालवता की काय? मांडणीवरची भांडी वाजतात." त्या एकट्या राहतात. दोन रात्री जागून काढल्या, तिसऱ्या दिवशी हसत सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपल्या घरात आपण काहीही लावू." नाही, बाळा. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. बारीक आवाज भिंत बराचसा अडवते, खर्ज पलीकडे जातो. तो आपल्या घरात राहतच नाही, मग 'आपल्या घरात' कसलं?

कायद्याचा आधार घ्यावा, तर २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते मोजमाप माणसाच्या कानाच्या बेतानं केलेलं, त्यात खर्ज फार कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प आणि भांडी वाजतायत! जिथं मीटर पोचत नाही, तिथं शेजारधर्मच हवा.

नव्या चपट्या टीव्हीचा आवाज कोंदट असतो, हे मला मान्य आहे. स्पीकर हवेतच. पण कशासाठी? वयानुसार आधी बारीक आवाज कानातून जातात. हिला हल्ली 'स', 'श', 'ट' नीट ऐकू येत नाहीत. त्यावर धडधड चढली की संवाद बुडालेच. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तो मी कानाच्या उंचीवर आणला, सबवूफर कोपऱ्यातून काढून अगदी बारीक केला आणि रात्री दहानंतर बंद. मग प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' लावला. त्याचा आवाज मुळात एकाच वाटेनं आलेला, पाच स्पीकरांचं त्याला काय कौतुक! पण ही पहिल्यांदाच "काय म्हणाला हो?" असं न विचारता शेवटपर्यंत बसली.

चिरंजीव म्हणतात, "इफेक्टच गेला." गेला तर जाऊ दे. वहिनींना झोप लागते आणि हिला शब्द कळतात, याहून मोठा इफेक्ट मला तरी माहीत नाही.

असो. नवा संच आणणाऱ्या पुतण्या-भाच्यांनो, एक करा. आवाज लावा आणि शेजारच्या घरात जाऊन पाच मिनिटं बसा. मग मला सांगा.