शेकडा किती, पण कशाचे?

परवा बदलापूरहून एक बाई दवाखान्यात आल्या. बरोबर सातवीतला मुलगा, हातात वर्तमानपत्राचे कात्रण. रक्तदाबाच्या एका गोळीने कसल्याशा आजाराचा धोका 'शंभर टक्क्यांनी वाढतो' असे त्यात छापले होते. "शंभर टक्के म्हणजे होणारच ना, डॉक्टरसाहेब?" असे म्हणून त्यांनी आठ दिवस गोळी बंद ठेवली होती. तपासले तर रक्तदाब १७०/१००.

मी विचारले, आधी धोका किती होता? कात्रणात तो आकडाच नव्हता.

असाच घोटाळा १९९५ साली ब्रिटनमध्ये झाला. संततिनियमनाच्या नव्या गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने दिला. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ! प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांत एकीला होणारा त्रास दोघींना होईल, एवढाच त्याचा अर्थ. पण घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, नको असलेली गर्भधारणा झाली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिकच असतो!

आता आपल्याकडचे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. वाढ किती? सहा टक्के म्हणावे तर ते बरोबर नाही. शंभर स्त्रियांमागे सहा जणी वाढल्या हे खरे, पण मूळच्या ४८ वर हिशेब केला तर वाढ जवळजवळ १३ टक्के होते. दोन्ही आकडे खरे. ज्याला घाबरवायचे तो तेरा सांगतो, ज्याला झाकायचे तो सहा.

साखरेच्या रुग्णांचेही तेच. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत ७ टक्के आले की काही जण खूश होतात, "शंभरातले सातच!" अहो, हिमोग्लोबिनच्या किती भागाला साखर चिकटली ते हे प्रमाण आहे. साडेसहाच्या पुढे मधुमेह धरतात. इथे शंभराकडे बघायचेच नाही.

वजनाचे गणित तर रोज चुकते. ८० किलोच्या माणसाने दहा टक्के घटवले, राहिले ७२. दिवाळीत पुन्हा दहा टक्के वाढले तर ८० नव्हे, ७९.२ होतात, कारण दुसऱ्या वेळी दहा टक्के ७२ चे. उल्हासनगरच्या बाजारात गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला हे शिकवावे लागत नाही. वीस टक्के सूट आणि वर दहा टक्के, म्हणजे तीस नव्हे अठ्ठावीस, हे तो तोंडी सांगतो.

मग शाळेत काय बिघडते? सहावीच्या गणितात शतमानाचा धडा आहे, त्याला लागून नफा-तोटाही आहे. पोरे सूत्र पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. माझे स्पष्ट मत आहे की अंबरनाथ-बदलापूरच्या शिक्षकांनी वर्गात खुर्ची-टेबलाच्या नफ्याऐवजी एखादा रक्ताचा रिपोर्ट, दुधाची पिशवी, पेपरातली एखादी बातमी न्यावी आणि मुलांना एवढेच विचारावे, 'कशाचे टक्के?' मुले घरी जाऊन आई-बापांना विचारतील. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा कधी कधी त्याचाच उपयोग जास्त.

त्या मुलाला मी कागद दिला. "दहा हजारांत एकाचे दोघे झाले तर वाढ किती?" त्याने पटकन सांगितले, शंभर टक्के. "आणि न होणारे किती?" थोडे थांबून तो म्हणाला, "नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव." बाईंनी कात्रणाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गोळी सकाळी घ्यायची की रात्री, ते विचारले.