शहराचें सांडपाणी आणि शहराचें सोवळें

पुणें शहरास पाणी कमी पडूं लागलें कीं नव्या पाण्याची मागणी पुढें येते. तें नवें पाणी यावयाचें कोठून? कोणा शेतकऱ्याच्या पाटांतून! खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकांत झालें तें शहराची तहान व दुष्काळी मुलखाची शेती अशा दोहोंसाठीं. पुढें पानशेत, वरसगांव, टेमघर हीं धरणें त्यावर उभीं राहिलीं. तरीहि दौंड-इंदापूरकडील कुणबी आवर्तनाची वाट पाहात बांधावर बसतो. शहर जें पाणी ओढतें, त्यापैकीं बहुतेक गटारांत जातें व तेथून मुळामुठेस मिळतें. पिण्याची पहिली पाळी शहराची, आणि उष्टें मात्र आमच्या वाट्यास!

आमचें म्हणणें सरळ आहे. शहरानें आपलें सांडपाणी पिण्याजोगें शुद्ध करावें आणि स्वतःच पुन्हा प्यावें.

हें ऐकतांच कित्येक शिकल्यासवरल्यांच्या नाकास रुमाल लागेल. त्यांनीं आफ्रिकेंतील नामिबिया देशाकडे पाहावें. तेथील राजधानी विंडहूक हें कोरड्या मुलखांतील शहर. जवळ बारमाही नदी नाहीं. त्या शहरानें सन १९६८ पासून आपलेंच सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या नळांत घेतलें आहे. सन २००२ मध्यें तेथें नवें केंद्र झालें; त्याची शक्ति दररोज २ कोटी १० लक्ष लिटरांची आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकीं सुमारें चौथा हिस्सा ह्या मार्गानें येतो. तेथें पहिला नियम असा कीं, घरांचें सांडपाणी एका वाटेनें व कारखान्यांचें दुसऱ्या वाटेनें न्यावयाचें, म्हणजे रसायनें त्यांत मिसळत नाहींत. मग जिवाणूंकडून घाण खाववितात, गाळ बसवितात, ओझोन वायूनें जंतु मारतात, कोळशाच्या थरांतून पाणी सोडतात आणि शेवटीं अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळून घेतात. दर टप्प्यास तपासणी होते. पन्नासांहून अधिक वर्षें लोक तें पाणी पीत आहेत. सिंगापुरांत तर सन २००२ च्या राष्ट्रीय दिनीं असें शुद्ध केलेलें पाणी पंतप्रधान गोह चोक टाँग ह्यांनीं लोकांसमोर स्वतः प्राशन केलें.

किळस फक्त आमच्याच देशांत आहे असें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील टूवूम्बा गांवीं सन २००६ मध्यें ह्याच प्रश्नावर मतें घेतलीं, तेव्हां शेंकडा सुमारें ६२ लोकांनीं नकार दिला. पण आमच्याकडील किळस कोठें येते आणि कोठें येत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. ता. २० मार्च १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकर व त्यांच्या सोबत्यांनीं चवदार तळ्यांतील ओंजळभर पाणी प्यालें. तें तळें सर्वांस मोकळें असल्याचा ठराव तेथील म्युनिसिपालिटीनें आधींच केलेला होता. तरी माणसाच्या हातानें पाणी बाटलें म्हणून १०८ घागरींचा विधि झाला आणि दूध, दही, शेण व गोमूत्र ह्यांनीं तळें "शुद्ध" करण्यांत आलें! शेणानें शुद्ध होणारें पाणी ज्यांस चाललें, त्यांस ओझोनानें शुद्ध झालेलें कां चालूं नये?

आणखी पाहा. पुणें-पिंपरीची घाण घेऊन मुळामुठा भीमेस मिळते, भीमा उजनीच्या धरणांत येते, आणि उजनीचें पाणी सोलापूर शहर आपल्या खर्चानें गाळून पितें. तीच भीमा पुढें पंढरपुरास चंद्रभागा होते व भाबडा वारकरी तिचें तीर्थ घेतो. म्हणजे सांडपाणी प्यावें कीं नाहीं हा प्रश्नच उरला नाहीं. लोक तें पीतच आहेत. ज्यानें घाण केली तो वर सोवळ्यांत बसला आहे, आणि ज्यानें केली नाहीं तो खालीं पीत आहे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास मुंढव्याहून प्रक्रिया केलेलें पाणी कालव्यांत दिलें आहे कीं! दिलें आहे, आणि त्याच्या घाणीबद्दल शेतकऱ्यांनीं तक्रारीहि केल्या आहेत. जें पाणी शहर आपल्या ओठांस लावावयास तयार नाहीं, तें आमच्या मेथी-कोथिंबिरीस चालतें. आणि ती जुडी दुसरे दिवशीं शहराच्याच मंडईंत जाते, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यापेक्षां नागपूरची तऱ्हा बरी. तेथील सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्रास जातें, व तितकें धरणाचें पाणी वांचतें.

खर्च पुष्कळ आहे, हें आम्हांस मान्य आहे. पडदे महाग, वीज फार लागते. पण नवें धरण बांधतांना कोणाचा गांव बुडतो, ह्याचा हिशेब शहराच्या वहींत कधीं लिहिलेला असतो काय? मुळशीच्या मावळ्यांस विचारा.

एक अट मात्र आम्ही आधींच घालतों. गटारांत माणूस उतरविण्यास सन २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे; तरी माणसें उतरतात, मरतात, आणि तीं कोणत्या जातींचीं असतात हें सांगावयास नको. नवीं केंद्रें उभारलीं तर गटार यंत्रानें साफ झालें पाहिजे. तेथें तपासनीस आणि यंत्रचालक म्हणून त्याच घरांतील शिकलेलीं मुलें घेतलीं पाहिजेत; त्यांच्या हातीं केवळ झाडू देऊन चालणार नाहीं.

कालवा सल्लागार समितीच्या पुढल्या बैठकीस जे आमचे प्रतिनिधि जातील, त्यांनीं आवर्तनाची तारीख विचारण्यापूर्वीं एवढें विचारावें: शहरानें गेल्या वर्षीं धरणांतून किती पाणी घेतलें, त्यापैकीं किती शुद्ध करून परत केलें, आणि त्या शुद्ध पाण्याचा एक पेला बैठकींतील साहेबांपुढें ठेवतां येईल काय?